बंधपत्राला दुसरी बाजूही असू द्या

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : एमबीबीएसनंतरच्या एक वर्षाच्या बंधपत्रित ग्रामीण सेवेबाबत

महोदय / महोदया,

मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि बंधपत्राचं, म्हणजे बाँडचं वर्ष नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण केलं. बाँड रद्द करा असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. माझ्याबरोबरचे अनेक जण तशी मागणी करतात, त्यांची कारणंही मला ठाऊक आहेत, पण ती मागणी मला पटत नाही. सक्ती राहू द्या. माझं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे, ज्यावर प्रवेशाच्या दिवशी आम्ही आणि आमच्या आईवडिलांनी सह्या केल्या. त्यातली सगळी कलमं आमच्यावर होती. आम्ही जाऊ, वर्षभर राहू, गेलो नाही तर दंड भरू. आम्हाला पाठवल्यावर शासन आमच्यासाठी आणि त्या गावासाठी काय करील, याबद्दल मात्र त्यात काहीच नव्हतं.

सक्ती मला का मान्य आहे, ते आधी सांगते. सरकारी महाविद्यालयात आम्ही जी फी भरतो ती आमच्या शिक्षणाच्या खर्चापुढे किरकोळ असते. बाकीचा पैसा लोकांचा असतो. आणि आम्ही शिकतो तेही लोकांच्याच अंगावर. पहिली सुई, पहिला टाका, पहिलं बाळंतपण, सगळं जनरल वॉर्डात. तिथे येणाऱ्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही म्हणून ते आमच्या शिकाऊ हातांना अंग देतात. त्यांतले कितीतरी अक्कलकुवा, धारणी, भामरागड, जव्हार अशा तालुक्यांतून आलेले असतात. एक वर्ष त्यांच्या बाजूला जाऊन काम करा, असं शासनाने म्हणण्यात अन्याय कसला? पदव्युत्तर आणि सुपरस्पेशालिटीच्या डॉक्टरांनी बाँडला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2019 मध्ये फेटाळलं, तेव्हा कायद्याचा प्रश्नही मिटला.

पण त्यातला दंडाचा भाग मला कधीच पटला नाही. आमच्या वेळी एमबीबीएसच्या बाँडची किंमत 10 लाख रुपये होती, पदव्युत्तरची 50 लाख आणि सुपरस्पेशालिटीची 2 कोटी. ज्याच्या घरी स्वतःचं हॉस्पिटल आहे त्याला 10 लाख भरून नीट-पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या क्लासला बसणं जमतं. शेतमजुराच्या, अंगणवाडी सेविकेच्या मुलामुलीला जमत नाही. मग दुर्गम भागात कोण जातं आणि शहरात कोण थांबतं हे पैशावर ठरतं, आणि सेवेची गोष्ट बाजूलाच राहते. दंड हा सुटकेचा दर होऊ नये. सेवा सगळ्यांना लागू असेल तर सगळ्यांना असू द्या, आणि ती करण्यालायक करा.

आता मी ज्या केंद्रात होते तिथलं सांगते.

माझ्या आधीच्या डॉक्टरांचं वर्ष संपून ते निघून गेले होते. मधल्या काळात केंद्रात एमबीबीएस डॉक्टर नव्हता. दोन मंजूर पदांपैकी दुसरं आधीपासूनच रिकामं होतं. त्यामुळे चार्ज द्यायला डॉक्टर कोणीच नव्हता, फार्मासिस्टने किल्ल्यांचा जुडगा आणि रजिस्टरांची चळत समोर ठेवली. त्या सकाळी मला कळलं की मी फक्त रुग्ण तपासणारी नाही. लसी ठेवायच्या फ्रिजचं, आयएलआरचं तापमान दिवसातून दोनदा नोंदलं जातं की नाही हे बघायचं, ई-औषधी या ऑनलाइन प्रणालीवर औषधांचा साठा चढवायचा, रुग्ण कल्याण समितीच्या खात्याच्या चेकवर सही करायची, उपकेंद्रांच्या भेटी लावायच्या, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मीटिंगला आकडे घेऊन जायचं, आशा सेविकांच्या मोबदल्याची बिलं तपासायची. यातलं एकही काम साडेपाच वर्षांत मला कोणी करून दाखवलं नव्हतं. इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे 12 आठवडे असतात, पण ते बहुतेक ठिकाणी कसे जातात हे तुम्हालाही माहीत आहे. शहरापासून बसने तासाभरावर असलेल्या केंद्रावर सकाळी हजेरी, दुपारनंतर लायब्ररीत प्रवेशपरीक्षेचे एमसीक्यू सोडवणं. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडणाऱ्या भोर समितीने 1946 मध्येच म्हटलं होतं की डॉक्टर होणाऱ्या प्रत्येकाला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचं 3 महिने शिक्षण मिळावं. आठवडे तेवढेच राहिले, आतलं शिकणं हरवलं.

मला ज्यांनी शिकवलं त्या आमच्या केंद्रातल्या जुन्या सिस्टर, वर्षानुवर्षं मानधनावर काम करणारे, पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकाचे बीएएमएस (आयुर्वेद पदवीचे) डॉक्टर आणि पाड्यांवरच्या आशा. डॉक्टर दर वर्षी बदलतात, ही माणसं तिथेच असतात. खरं तर केंद्र तेच चालवतात. भरारी पथकाच्या डॉक्टरांना कोणत्या पाड्यावर पावसात कुठून जायचं हे पाठ होतं, आणि नोकरी कायम होण्याची आशा त्यांनी कधीच सोडून दिली होती. त्यांच्या मानधनाचा विषय या पत्राचा नाही, पण तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. आमच्यासाठी वर्षभराचं बंधन करता, त्यांचं तर अख्खं आयुष्य तिथे गेलंय.

पावसाळ्यातल्या एका रात्रीबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझं म्हणणं त्यातूनच नीट कळेल. पहाटे तीनच्या सुमाराला एका पाड्यावरून तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला झोळीतून आणलं. बांबूला चादर बांधलेली, दोन्ही टोकांना दोन माणसं, मागे कंदिलासारखा मोबाईल धरलेला भाऊ. पोटात दुखतंय, एवढीच तक्रार. उलटी नाही, ताप नाही, पोट मऊ. अंगावर कुठे चावल्याची खूण नाही. मी पोट तपासत होते आणि सिस्टर तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, हिला वर बघायला सांगा." मुलीने वर बघायचा प्रयत्न केला आणि पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. जमिनीवर झोपली होती का, असं सिस्टरनी तिच्या आईला पावरी बोलीत विचारलं. आईने मान हलवली. मण्यार. या सापाचे दात इतके बारीक असतात की खूण दिसत नाही, दुखतही नाही, माणूस झोपेतच असतो, आणि पोटदुखीने जागा होतो. हे पुस्तकात आहे. मी वाचलंही होतं. पण पुस्तकातली ओळ आणि पहाटे तीनला मोबाईलच्या उजेडात पडणाऱ्या पापण्या यांच्यामध्ये जे अंतर असतं, ते त्या सिस्टरनी माझ्यासाठी एका वाक्यात पार केलं.

एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या 10 व्हायल सलाइनमध्ये घातल्या, रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवलं. पुढे काय, श्वास कमी होऊ लागला तर किती वेळ थांबायचं, इथेच ट्यूब घालायची की निघायचं, हे विचारायला मला कोणीतरी हवं होतं. शासनाच्या यंत्रणेतला असा एकही क्रमांक माझ्याकडे नव्हता ज्यावर रात्री तीनला मेडिसिनचा किंवा भूलशास्त्राचा डॉक्टर मिळेल. केंद्रात रेंज नव्हती. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर उभं राहिलं की एक कांडी यायची. तिथून मी हॉस्टेलमधल्या माझ्या सीनियरला फोन केला, ती तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात मेडिसिनची रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकणारी डॉक्टर होती. तिने झोपेतून उठून मला पायरी पायरीने सांगितलं. मग आम्ही निघालो. ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हर, सिस्टर, मुलीची आई आणि मी. चांदसैली घाटात दरड बाजूला करेपर्यंत थांबावं लागलं आणि तेवढ्यात तिचा श्वास उथळ झाला. तिथून जिल्हा रुग्णालयापर्यंत सिस्टर आणि मी आळीपाळीने हाताने श्वास देण्याची अँबू बॅग दाबत होतो. एकीची बोटं आखडली की दुसरी घ्यायची. ती मुलगी व्हेंटिलेटरवर काही दिवस राहिली आणि चालत घरी गेली.

ती वाचली याचा आनंद मला आजही आहे. पण ती कशामुळे वाचली? सिस्टर त्या रात्री ड्यूटीवर होत्या म्हणून, एका मैत्रिणीने फोन उचलला म्हणून, घाट दीड तासातच मोकळा झाला म्हणून. यातली कोणतीही गोष्ट व्यवस्थेने लावलेली नव्हती. शेजारच्या केंद्रात माझ्यासारखाच एक नवा डॉक्टर होता आणि त्याच्याकडे अशा सिस्टर नव्हत्या.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी मागणी ही आहे. प्रत्येक बंधपत्रित डॉक्टरच्या नेमणुकीच्या आदेशातच त्याच्या वरिष्ठांचं नाव आणि क्रमांक लिहा. जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयातला किंवा जिल्हा रुग्णालयातला मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग आणि भूलशास्त्राचा ड्यूटीवरचा माणूस, चोवीस तास, ज्याचं हे काम ठरलेलं आहे आणि ज्याला त्याबद्दल विचारता येईल. आता नंदुरबारमध्येही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातली केंद्रं वाटून घ्यावीत, महिन्यातून एकदा तिथला शिक्षक केंद्रावर यावा, आमच्या ओपीडीत बसावा, रेफर केलेल्या केसेसवर बोलावं. मग बाँडचं वर्ष हे शिक्षणाचं आणखी एक वर्ष होईल. आज ई-संजीवनी ही ऑनलाइन सल्ल्याची सोय आहे असं सांगितलं जाईल. आहे, आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला तिचा उपयोगही होतो. पण त्या स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला सल्ला देणारा डॉक्टर अनेकदा आमच्यासारखाच, केंद्रात एकटा बसलेला असतो. त्याने कोणाला विचारायचं?

पदव्युत्तरच्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 3 महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी लावली आहे, 2021 च्या प्रवेशापासून. कल्पना चांगली आहे. पण त्यातला रेसिडेंट बहुतेक वेळा जिल्हा रुग्णालयात येतो आणि तिथेच थांबतो. त्यातले काही आठवडे त्याने ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाँडवरच्या डॉक्टरसोबत काढले तर दोघांचाही फायदा आहे. भूलशास्त्राचा रेसिडेंट माझ्या केंद्रावर दोन दिवस आला असता तर श्वासनळीत ट्यूब घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचे सेल संपलेत हे त्याने पहिल्या तासात शोधलं असतं.

निवासस्थानाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण याबद्दल लिहून लिहून सगळे थकलेत. मला मिळालेल्या क्वार्टरला छत होतं आणि ते गळत होतं. पाणी हापशाचं. दाराला आतून कडी बसत नव्हती, ती मी पहिल्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी सुताराकडून लावून घेतली. आमच्या केंद्रात काम करणाऱ्या मावशी रात्री माझ्याकडे झोपायला यायच्या, त्यासाठी त्यांना कोणी पैसे देत नव्हतं, मी एकटी आहे एवढंच त्यांना पुरलं. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातली महिला डॉक्टरवरच्या अत्याचाराची आणि खुनाची घटना घडली तेव्हा देशभर डॉक्टरांच्या सुरक्षेवर चर्चा झाली, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्या चर्चेत कॅमेरे, ड्यूटी रूम, सुरक्षारक्षक हे सगळं मोठ्या रुग्णालयांच्या मापाने बोललं गेलं. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा 2010 पासून आहे. जिथून पोलीस ठाणं दोन घाट ओलांडून आहे तिथे कायद्याआधी कडी लागते, दिवा लागतो, चालणारा फोन लागतो. ज्या केंद्रात राहण्याजोगं निवासस्थान नाही तिथे बाई डॉक्टरला पाठवू नका असं मी म्हणत नाही. ते निवासस्थान आधी दुरुस्त करा असं म्हणते. पाठवूच नका म्हटलं की त्या भागातल्या बायकांना बाई डॉक्टर कधीच मिळणार नाही.

आणि ती मिळाल्याने काय होतं ते मी बघितलंय. पुरुष डॉक्टर असताना पांढऱ्या पाण्याची, अंग बाहेर येण्याची तक्रार ओपीडीच्या रजिस्टरमध्ये क्वचित होती. मी गेल्यावर बाजाराच्या दिवशी बायका रांगेत शेवटी उभ्या राहायच्या, गर्दी ओसरेपर्यंत थांबायच्या, मग आत येऊन दार लावायला सांगायच्या. वर्षानुवर्षं कपडा बांधून शेतात काम केलेल्या बायका. औषधापेक्षा आधी त्यांना हे बोलता येण्याची गरज होती.

स्थलांतराबद्दल मात्र मला विस्ताराने बोलायचंय, कारण मुंबईत बसून जे धोरण ठरतं त्यात ही गोष्ट बसत नाही. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. कोणी ऊसतोडीला, कोणी गुजरातमध्ये शेतावर, वीटभट्टीवर, बांधकामावर. होळीला माणसं परत येतात, कारण सातपुड्यात होळीला घरी नसणं ही कल्पनाच कोणी करू शकत नाही. आता एक गरोदर बाई घ्या. आशाने तिची 12 आठवड्यांच्या आत नोंद केली, हिमोग्लोबिन 7, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची चाचणी झाली, आयर्न सुरू झालं, महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीला ती दोनदा आली. सहाव्या महिन्यात नवऱ्याबरोबर गेली. आमच्या पोर्टलवर ती अजून आमची लाभार्थी आहे आणि तिची पुढची तपासणी बाकी आहे. मीटिंगमध्ये मला विचारलं जातं की आकडा कमी का. तिकडे ज्या गावच्या शिवारात तिची झोपडी आहे, तिथल्या आरोग्य केंद्राच्या यादीत ती नाही. तिच्याजवळ फक्त माता-बाल संरक्षण कार्ड आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोरीने बांधलेलं. ते तिने जपलेलं असतं. बायका ते कार्ड हरवत नाहीत, मी हे खात्रीने सांगते. हरवते ती आपली व्यवस्था.

मी आणि आमच्या सिस्टरांनी जाणाऱ्या गरोदर बायकांची एक वही केली. कोण कुठे चाललं, मुकादम कोण, फोन कोणाचा, दिवस कधी भरतात. काही ठिकाणी तिकडच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केले. बहुतेकांनी मदत केली, कारण त्यांनाही अशी बाई अचानक रात्री दारात आली की काय होतं ते माहीत होतं. माझं वर्ष संपलं तेव्हा ती वही मी कपाटात ठेवून आले. चार्ज घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. पुढच्या डॉक्टरला ती मिळाली की नाही हे मला कळायला मार्ग नाही.

म्हणून दुसरी मागणी. जाणारा आणि येणारा डॉक्टर यांचे किमान 15 दिवस एकत्र जाऊ द्या. बाँडच्या समुपदेशनाचं, म्हणजे जागावाटपाचं वेळापत्रक, नीट-पीजीचं वेळापत्रक आणि इंटर्नशिप संपण्याची तारीख यांचा मेळ लावणं तुमच्या दोन विभागांच्याच हातात आहे. आदेश निघायला उशीर होतो, तेव्हा नवा डॉक्टर घरी बसून वाट बघतो आणि इकडे केंद्र रिकामं राहतं. दोघांचंही नुकसान होतं. ज्याला वर्ष संपल्यावर आणखी राहायचंय त्याला राहू द्या. माझ्याबरोबरच्या एका डॉक्टरने दुसऱ्या वर्षासाठी अर्ज केला होता, तिथली भाषा तो बोलायला शिकला होता, आणि त्याला उत्तर म्हणून मुदत संपल्याचं पत्र आलं. दुर्गम भागातल्या सेवेतल्या डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशात वर्षाला 10 टक्के, जास्तीत जास्त 30 टक्के वाढीव गुण देण्याची सोय मेडिकल कौन्सिलच्या नियमांत होती. राजीखुशीने दुसरं वर्ष करणाऱ्या बंधपत्रित डॉक्टरला तशा प्रकारचं काही मिळालं तर किती जण थांबतील ते बघा.

पोस्टमॉर्टेम आणि कोर्टाचा विषय शहरातल्या डॉक्टरांना सांगितला की ते चकित होतात. बाँडवरच्या डॉक्टरला शवविच्छेदन करावं लागतं. बुडालेला, गळफास घेतलेली, विष प्यालेला, मारहाणीत मेलेला. एमबीबीएसमध्ये आम्ही ही विच्छेदनं गटाने मागे उभं राहून बघतो. इथे आपण एकटे, सोबत मदतनीस मामा, बाहेर नातेवाईक आणि पोलीस. अहवालावर आपली सही. आणि त्या सहीमागून दोन-चार वर्षांनी समन्स येतं, तेव्हा आपण दुसऱ्या कोपऱ्यात रेसिडेन्सी करत असतो, रजा मिळत नाही, प्रवास स्वतःच्या खर्चाने, आणि पोचल्यावर कळतं की तारीख पुढे गेली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दृक्-श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची सोय आहे. बाँड संपलेल्या डॉक्टरांच्या बाबतीत ती नेहमीची पद्धत व्हावी यासाठी आरोग्य विभागाने गृह आणि विधी विभागांशी बोलावं. आणि रुजू होण्याआधी एक आठवडा जिल्हा रुग्णालयात न्यायवैद्यकाचं काम हाताने करायला शिकवावं. चुकीच्या अहवालाने गुन्हेगार सुटतो किंवा निर्दोष अडकतो, हा शिकाऊ माणसावर टाकण्याचा भार नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे हुशार माणसाचं वाया गेलेलं वर्ष, असं आमच्या कॉलेजांत सर्रास बोललं जातं, आणि शिक्षकही बोलतात. याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर म्हणून गेले. कोकणात लाल विंचू चावून माणसं, मुलं मरत होती. त्यांनी रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या, हृदयावर आणि रक्तदाबावर काय होतं ते टिपलं, आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर वापरलं गेलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचं जे काम केलं, ते 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आलं आणि आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्याचा पाया झालं. हे प्रश्न खेड्यातच दिसतात. आमच्या केंद्रात मण्यारच्या दंशाच्या, सिकलसेलच्या, कुपोषणाबरोबरच्या क्षयाच्या ज्या केसेस मी बघितल्या त्या नीट नोंदवून ठेवा, असं मला विभागातून एकदाही कोणी म्हटलं नाही. आकडे मागितले, भरपूर मागितले, पण प्रश्न कधी विचारला नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने बाँडच्या वर्षातल्या कामावर आधारित छोटा प्रकल्प, त्याला मार्गदर्शक आणि प्रमाणपत्र एवढं जरी ठेवलं, तरी त्या वर्षाकडे बघण्याची नजर बदलेल.

जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सक्तीची सेवा लावायची तर तिच्याबरोबर योग्य आधार आणि प्रोत्साहनही द्या, असं त्यात आहे. आपण त्यातली सक्ती तेवढी घेतली.

मी जे मागते आहे त्याला फार पैसा लागत नाही. कड्या, दिवे आणि छपरं यांना लागतो, तो लागू द्या. बाकीचं सगळं ठरवण्याचं काम आहे, आणि ते अडतं कुठे याचा मला अंदाज आहे. बाँड लिहून घेणारा विभाग एक, नेमणूक देणारा दुसरा, आणि केंद्र चालवणारी जिल्हा परिषद तिसरी. पगार अडकला की आम्ही या तिघांत फिरतो. माझा पगार रुजू झाल्यावर काही महिन्यांनी एकदम आला, तोपर्यंत वडिलांकडून पैसे मागवत होते. ज्यांचे वडील पाठवू शकत नाहीत ते काय करत असतील? तिन्ही मिळून एक अधिकारी नेमा, जिल्हानिहाय, बंधपत्रित डॉक्टरांसाठी. त्याचं नावही नेमणुकीच्या आदेशात असू द्या.

पुढच्या समुपदेशनाआधी एक काम लगेच करता येईल. रिक्त जागांची यादी लावताना फक्त केंद्राचं आणि तालुक्याचं नाव देऊ नका. निवासस्थान राहण्याजोगं आहे का, रेंज कुठल्या कंपनीची येते, ॲम्ब्युलन्स आणि ड्रायव्हर आहेत का, दुसरा डॉक्टर आहे का, सर्वांत जवळचं सिझेरियन होणारं रुग्णालय किती तासांवर आहे, एएसव्हीचा साठा किती, आणि अडचणीला फोन कोणाला करायचा, हे प्रत्येक जागेपुढे लिहा. लिहायला बसलात की कुठे काय कमी आहे ते आपोआप समोर येईल. ही माहिती आमच्याकडे आहे. बाँड पूर्ण केलेल्या आम्हा काही जणांनी आपापल्या केंद्रांची टिपणं काढायला सुरुवात केली आहे. विभागाने नमुना दिला तर त्यात भरून देऊ, बोलावलं तर येऊन सांगू. समुपदेशनाची तारीख लागण्याआधी उत्तर आलं तर या बॅचला त्याचा उपयोग होईल.

आपली,
बंधपत्रित सेवा पूर्ण केलेली एक वैद्यकीय अधिकारी